मुलांच्या वाढदिवसाचं सामान कुठून आणि कसं घ्यायचं: पहिल्यांदाच पार्टी करणाऱ्या आईबाबांसाठी

घरी पहिल्यांदा मुलाचा वाढदिवस करायचं ठरलं की सगळ्यात आधी प्रश्न येतो की सामान आणायचं कुठून. आणि मग काय होतं, आपण एखाद्या मोठ्या पार्टीच्या दुकानात शिरतो, समोर जे चकचकीत दिसेल ते बास्केटमध्ये टाकत जातो आणि घरी येऊन पिशव्या उघडल्यावर कळतं की टोप्या वीस आहेत, प्लेट्स दहाच आहेत, बॅनर दोन आले आणि मेणबत्त्या राहिल्याच. माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला माझं अगदी असंच झालं होतं, त्यानंतर घरचे आणि मैत्रिणींच्या मुलांचे धरून बऱ्याच पार्ट्यांची खरेदी केली, त्यातून जे कळलं ते इथे सगळं सविस्तर लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते. सगळं सामान एकाच ठिकाणी चांगलं आणि स्वस्त मिळेल असं दुकान नसतं. फुग्यांचं दुकान वेगळं, कागदी प्लेट्सचं वेगळं, रिटर्न गिफ्टचं वेगळं, आणि काही गोष्टी तर विकत घ्यायच्याच नसतात. त्यामुळे "कुठून घेऊ" हे ठरवण्याआधी "काय घ्यायचंय आणि किती दिवस हातात आहेत" हे ठरवा, दुकान आपोआप ठरतं.

पायरी १: आकडा पक्का करा, मग यादी

मुलं किती येणार ते आधी मोजा. बोलावलेली मुलं, त्यांच्यासोबत येणारी लहान भावंडं (ही हमखास येतात आणि ही हमखास मोजायची राहतात), आणि थांबणारे आईबाबा, हे तीन आकडे वेगवेगळे लिहा, कारण टोप्या आणि रिटर्न गिफ्ट फक्त मुलांना लागतात पण प्लेट आणि ग्लास सगळ्यांना लागतात. रिटर्न गिफ्ट मुलांच्या आकड्यापेक्षा दोन-तीन जास्त घ्या. प्लेट्स माणसांच्या दीडपट आणि ग्लास दुप्पट, कारण मुलं ग्लास कुठेतरी ठेवतात आणि पुन्हा नवीन मागतात. एक मार्कर जवळ ठेवून प्रत्येक ग्लासवर नाव लिहिलंत तर दुप्पट लागत नाहीत, मी आता तसंच करते.

आता यादीचे तीन भाग करा. एक, वापरून टाकायचं सामान: प्लेट्स, ग्लास, नॅपकिन, फुगे, मेणबत्त्या. दोन, पुन्हा वापरता येईल असं: कापडी पताका, लायटिंग, टेबलक्लॉथ, बॅकड्रॉपचा (केकच्या टेबलामागे लावायच्या सजवलेल्या पडद्याचा) स्टँड, फुग्याचा पंप. तीन, मुलं घरी घेऊन जाणार ते: रिटर्न गिफ्ट, खेळातली बक्षिसं. पहिल्या भागात स्वस्त बघा, दुसऱ्या भागात टिकाऊ बघा नाहीतर उसनं घ्या, आणि तिसऱ्या भागात आधी सुरक्षित आहे का ते बघा, मग बाकीचं. या तीन भागांची दुकानं बऱ्याचदा वेगळी असतात.

थीमचं काय? मुलाला हवी असेल तर जरूर करा, पण थीमचं छापील सामान फक्त दोन-तीन ठिकाणी वापरा, म्हणजे बॅनर, केकवरचा टॉपर आणि टेबलाच्या मध्ये काहीतरी, आणि बाकी सगळं त्या थीमच्या रंगातलं साधं घ्या. एखाद्या कार्टूनचं चित्र असलेली प्लेट आणि त्याच रंगाची साधी प्लेट यांच्या किमतीत खूप फरक असतो आणि मुलं प्लेटवरचं चित्र केक ठेवल्यावर बघतसुद्धा नाहीत. दुसरा फायदा म्हणजे साधं उरलेलं सामान पुढच्या वर्षी वापरता येतं, तोपर्यंत मुलाचं आवडतं कार्टून बदललेलं असतं.

पायरी २: दुकानात जायच्या आधी फोन करा

नातेवाईक, शेजारी, शाळेतल्या आईबाबांचा ग्रुप, ऑफिसातले लोक, सगळ्यांना एक मेसेज टाका की पार्टीचं काही सामान आहे का. लायटिंगच्या माळा, बॅकड्रॉप स्टँड, केक स्टँड, फुग्याचा पंप, खेळाचं सामान, जास्तीच्या खुर्च्या, हे सगळं लोकांच्या माळ्यावर पडून असतं आणि लोक आनंदाने देतात. काही शहरांत तर आता पार्टीच्या पक्क्या प्लेट्स-ग्लासचा पूर्ण सेट वापरायला देणारे लोक आणि गट आहेत, वापरा, धुवा आणि परत द्या. तुमच्या भागात कोणी करत असेल तर वीस मुलांसाठी तो सगळ्यात चांगला उपाय, कचरा जवळपास होतच नाही. उसनं घेतलं की लगेच फोटो काढून ठेवा आणि कोणाचं काय ते लिहून ठेवा, नाहीतर परत देताना गोंधळ होतो.

पायरी ३: कोणत्या वस्तूसाठी कुठे जायचं

घाऊक बाजार, म्हणजे होलसेल मार्केट. फुगे, पताका, कागदी प्लेट्स, क्रेप पेपर, रिबन, रिटर्न गिफ्टच्या पिशव्या, यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही, पण तीन अटी. मुलांची संख्या पंधरा-वीसच्या पुढे असली पाहिजे किंवा दोन-तीन घरांनी मिळून खरेदी केली पाहिजे, कारण तिथे सुटा माल मिळत नाही, डझनात नाहीतर पाकिटात घ्यावा लागतो. फुगे तर अनेक ठिकाणी ग्रोसमध्ये मिळतात, एक ग्रोस म्हणजे १२ डझन, १४४ नग. दुसरं, तिथे परत घेणं नसतं, म्हणून पाकीट उघडून बघूनच पैसे द्या. आणि तिसरं म्हणजे सकाळी लवकर, मुलांना न घेता जा. मुलं सोबत असली की यादीतलं राहतं आणि यादीबाहेरचं घरी येतं. पहिल्या दुकानात भाव विचारा, घेऊ नका, अजून दोन-तीन दुकानं फिरा, एकाच ओळीत तोच माल वेगवेगळ्या भावात असतो. आणि एकाच दुकानातून चार-पाच गोष्टी घेत असाल तर सगळ्या एकत्र काढून मग शेवटी भाव करा, एकेक वस्तूवर घासाघीस करू नका.

पार्टीच्या सामानाची खास दुकानं. इथे महाग पडतं पण दोन गोष्टींसाठी मी तिथेच जाते, हेलियम भरलेले फुगे आणि आकड्याचे मोठे फॉइल फुगे, कारण तिथे भरून देतात आणि तिथल्या तिथे तपासता येतं. शिवाय रंग जुळवायचे असतील तर दुकानात प्रत्यक्ष बघणं बरं. बाकी तयार किट, म्हणजे "सगळं एका बॉक्समध्ये", घ्यायच्या आधी आतल्या वस्तू मोजा. पन्नास वस्तूंचं किट म्हटलं की त्यात चाळीस फुगे असतात हो! मग उरलेल्या दहा वस्तूंसाठी आपण किती देतोय ते बघा.

स्टेशनरीचं दुकान. हे लोक विसरतात आणि माझं हे सगळ्यात आवडतं ठिकाण आहे. कार्डशीट, क्रेप पेपर, रंगीत दोरा, डबल टेप, ग्लू डॉट्स, मार्कर, स्टिकर्स, सगळं सुटं मिळतं आणि पताका, नावाचा बॅनर, टोप्या घरी करता येतात. चौथ्या वर्षापुढच्या मुलाला सोबत बसवून पताका कापल्या तर तिरक्या होतात पण पार्टीच्या दिवशी प्रत्येक पाहुण्याला "ही मी केली" म्हणून दाखवतं ते मूल. दोन गोष्टी लक्षात ठेवा, क्रेप पेपर ओला झाला की रंग सोडतो त्यामुळे तो टेबलावर जिथे पाणी सांडेल तिथे लावू नका, आणि डबल टेप भिंतीवर थेट लावली तर काढताना रंग निघून येतो, त्यासाठी मळलेल्या कणकेसारखी, काढता येणारी चिकट पुटी मिळते ती घ्या (भिंतीला लिंपायची पुटी नव्हे) किंवा दोरा खिडकीच्या गजाला नाहीतर पडद्याच्या रॉडला बांधा. भाड्याच्या घरात असाल तर हे फारच महत्त्वाचं.

ऑनलाइन. व्हरायटी भरपूर, वेळ वाचतो, पण फसायला होतं ते मापात. फोटोत बॅनर पूर्ण भिंतभर दिसतो आणि प्रत्यक्षात हाताएवढा येतो. म्हणून फोटो बघूच नका असं नाही, पण निर्णय मापावर घ्या, सेंटीमीटर वाचा आणि घरातल्या टेपने भिंतीवर मोजून बघा. मग नग किती ते वाचा, कारण फोटोत सहा आणि पाकिटात एक असं सर्रास असतं. रिव्ह्यू वाचताना आधी कमी स्टारवाले वाचा आणि लोकांनी स्वतः काढलेले फोटो बघा, दुकानदाराचे नाही. डिलिव्हरीची जी तारीख दाखवतात त्यात चार-पाच दिवस मिळवा आणि तरीही ती पार्टीच्या आधी येत असेल तरच ऑर्डर करा. परदेशातून येणारा माल असेल तर महिनाभर आधी, नाहीतर नकोच. आलेला बॉक्स त्याच दिवशी उघडून मोजा. पार्टीच्या आदल्या रात्री उघडलेल्या बॉक्समध्ये तुटलेलं सामान निघालं तर परत करून काय उपयोग, वेळच गेलेली असते.

नावाचा बॅनर छापून घेत असाल तर इथे थोडं थांबून वाचा. नाव देवनागरीत छापायचं असेल तर जोडाक्षरं तुटतात. "श्री", "ज्ञ", "द्ध" अशी अक्षरं किंवा रफार असलेली नावं छापणाऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट बसली नाहीत की अक्षर फुटून पाय मोडलेलं छापलं जातं, किंवा ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. म्हणून नाव टाइप करून पाठवू नका, नुसता मेसेज तर नकोच, मोठ्या साइझमधली इमेज किंवा पीडीएफ पाठवा, आणि छापायच्या आधी त्यांच्याकडून नमुना मागवून अक्षर अन् अक्षर तपासा. घरातल्या अजून एका माणसाकडून तपासून घ्या. स्वतःच्या मुलाचं नाव आपण इतक्या वेळा लिहिलेलं असतं की चूक दिसतच नाही. आणि फोटो छापायचा असेल तर चॅटवरून आलेला फोटो देऊ नका, तो लहान झालेला असतो, मोठ्या बॅनरवर धूसर येतो, फोनमधली मूळ फाइल द्या.

सुपरमार्केट आणि कोपऱ्यावरचं दुकान: नॅपकिन, कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या, मेणबत्त्या, काडेपेटी, ओले टिश्यू. हे शेवटच्या आठवड्यात घ्या, यात शोधण्यासारखं काही नाही.

भाड्याने. टेबलं, छोट्या खुर्च्या, स्पीकर, बॅकड्रॉपची फ्रेम, सावलीसाठी मंडप, आणि बाउन्सी किल्ला (पंख्याने हवा भरून फुगवलेला, मुलं ज्यात उड्या मारतात तो). एकदाच लागणारी मोठी वस्तू विकत घेऊ नका, ठेवायला जागा लागते. बाउन्सी किल्ला घेणार असाल तर तो उघड्यावर नीट खुंट्यांनी किंवा वजनांनी जखडलेला हवा, सगळे दोर लावलेले हवेत, पंख्याची वायर मुलांच्या पायात नको, आणि एक मोठं माणूस पूर्ण वेळ शेजारी उभं हवं. वाऱ्यात तो उलटू शकतो, अनेक किल्ल्यांसाठी ताशी ३८ किलोमीटर ही कमाल मर्यादा धरतात, झाडाच्या लहान फांद्या सारख्या हलायला लागल्या की मी तर त्याच्या आधीच हवा काढायला सांगते. भाड्याने देणाऱ्याला विचारा की उभा कोण करणार, काढणार कोण, पाऊस आला तर पैशांचं काय, आणि हे सगळं मेसेजवर लिहून घ्या.

पायरी ४: फुगे (सगळ्यात जास्त चुका इथेच होतात)

फुगे दोन प्रकारचे, रबराचे म्हणजे लेटेक्स, आणि चकचकीत फॉइलचे. हेलियम भरलेला ११ इंची लेटेक्स फुगा साधारण १२ ते २० तास तरंगतो, फॉइलचा फुगा बरेच दिवस. म्हणून लेटेक्समध्ये हेलियम भरायचा असेल तर त्याच दिवशी सकाळी भरून घ्या, आदल्या दिवशी संध्याकाळी भरले तर केक कापेपर्यंत अर्धे जमिनीवर. फॉइलचे एक दिवस आधी आणले तरी चालतात.

आता हेलियममध्ये लोक कुठे चुकतात ते बघा. एक लिटर हेलियम साधारण १ ग्रॅम वजन उचलतो. ११ इंची फुग्यात १४-१५ लिटर मावतो, त्यातनं फुग्याचं स्वतःचं वजन गेलं की एक रिबन आरामात उचलली जाते. पण ५ इंची छोट्या फुग्यात इतकाच थोडा हेलियम मावतो की तो फुगा स्वतःलाच उचलू शकत नाही, त्यामुळे छोट्या फुग्यात हेलियम भरून घेणं म्हणजे पैसे वाया. तसंच फॉइलच्या आकड्यांचं आणि अक्षरांचं आहे. १६ इंची आकडे हवेने भरून भिंतीवर लावण्यासाठीच असतात, त्यात हेलियम भरला तरी तरंगत नाहीत, तरंगणारा आकडा हवा असेल तर ३४ ते ४० इंची घ्या. ऑनलाइन घेताना फोटोत दोन्ही सारखेच दिसतात, इंच वाचल्याशिवाय ऑर्डर करू नका.

घरी भरायला छोटा हेलियम सिलिंडर मिळतो, त्यावर "५० फुगे" किंवा "३० फुगे" असं लिहिलेलं असतं, पण तो हिशोब ९ इंची फुग्यांचा असतो. ११ इंची भरलेत तर ५० वाल्यात साधारण २७ होतात. शिवाय अशा काही सिलिंडरमध्ये हेलियमसोबत हवा मिसळलेली असते, ते फुगे पाच-सात तासच तरंगतात, बॉक्सवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा. आणि कृपा करून आवाज बदलायची गंमत म्हणून सिलिंडरमधून थेट हेलियम कोणालाही ओढू देऊ नका, मोठ्यांनाही नाही. फुप्फुसात ऑक्सिजनच्या जागी तो जाऊन बसतो, माणूस बेशुद्ध पडू शकतो, जीव जाऊ शकतो.

बाहेरून भरून आणत असाल तर हे विचाराच: गॅस हेलियमच आहे ना? काही ठिकाणी स्वस्त पडतो म्हणून हायड्रोजन भरतात, तो पेट घेतो, आणि वाढदिवसाच्या खोलीत मेणबत्त्या असतात. एक फुगा पेटला तर गुच्छच्या गुच्छ क्षणात पेटतो. सिलिंडरवरचं लेबल बघा, दुकानदार उडवाउडवीची उत्तरं द्यायला लागला तर तिथून निघा आणि साधी हवा भरलेले फुगे लावा, मुलांना काही फरक पडत नाही.

खरं सांगू का, मी आता बहुतेक सगळे फुगे साध्या हवेनेच भरते. कमान किंवा माळ करायची असेल तर हवाच लागते. आमच्या घरी साधारण सहा फुटी कमानीला लहानमोठे मिळून शंभरेक फुगे लागले होते, त्यामुळे तोंडाने फुगवायच्या भानगडीत पडू नका, दोन्ही बाजूंनी हवा मारणारा हातपंप घ्या, किंवा इलेक्ट्रिक पंप उसना आणा. ११ इंची फुगा ९-१० इंचांपर्यंतच फुगवा, गोलही दिसतो आणि फुटतही कमी. सगळे एका मापाचे हवे असतील तर पुठ्ठ्याच्या खोक्याला तेवढं गोल भोक पाडून त्यातनं फुगा जातो का बघायचं, एवढंच. लेटेक्स फुग्यांवर ऊन पडलं की ते आधी धुरकट होतात मग फुटतात, म्हणून खिडकीच्या तोंडाशी लावू नका. जुना माल ओळखायचा असेल तर दुकानात पाकिटातला एक फुगा काढून ताणून बघा, कडक लागला, किंवा ताणल्यावर बारीक भेगा दिसल्या तर पाकीट परत ठेवा.

फॉइल फुगे वीज वाहतात, बाहेर सुटले आणि विजेच्या तारांवर गेले तर शॉर्टसर्किट होतं. त्यांना वजन बांधूनच ठेवा. आणि मुलांनी कितीही हट्ट केला तरी फुगे आकाशात सोडू नका, ते कुठेतरी खाली पडतातच, रबराचे तुकडे पक्षी आणि कासवं खातात, दोऱ्यात पाय अडकतात.

लहान मुलांच्या घरात सगळ्यात महत्त्वाचं: न फुगवलेला किंवा फुटलेला लेटेक्स फुगा ८ वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकण्याचा धोका असतो, फुग्यांच्या पाकिटावर ही सूचना बघायला मिळते. घशात रबर चिकटून बसतं, त्यामुळे काढणं फार अवघड जातं. फुगा फुटला की तुकडे लगेच उचला, हे काम एका मोठ्या माणसाला नेमून द्या, "सगळे बघतील" म्हटलं की कोणीच बघत नाही. येणाऱ्या मुलांपैकी कोणाला लेटेक्सची ॲलर्जी आहे का हेही आमंत्रणाच्या मेसेजमध्येच विचारा, असेल तर पूर्ण सजावट फॉइल आणि कागदाची करा.

पायरी ५: रिटर्न गिफ्ट

इथे माझं मत ठाम आहे, पाच फुटकळ वस्तूंची पिशवी देण्यापेक्षा एकच वापरता येईल अशी वस्तू द्या. पिशवीतली शिट्टी, अंगठी, भिंगरी दुसऱ्या दिवशी तुटलेली असते आणि दुसऱ्यांच्या घरात कचरा होतो. रंगखडू आणि छोटी वही, गोष्टीचं पुस्तक, बिया आणि छोटी कुंडी, पत्त्यांचा कॅट, उडी मारायची दोरी, अशा गोष्टी स्टेशनरीच्या नाहीतर पुस्तकांच्या दुकानात डझनाने घेतल्या तर भाव कमी करून देतात, फक्त मागावं लागतं. पुस्तकांच्या दुकानात तर प्रदर्शनाच्या काळात जाऊन वर्षभराची रिटर्न गिफ्ट घेऊन ठेवता येतात.

घेताना वय बघा. ३ वर्षांखालच्या मुलांना बारीक भाग असलेलं काहीही नको. खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात, त्यात जे पूर्ण मावतं ते इतक्या लहान मुलांसाठी धोक्याचं धरतात. घरी पेपर टॉवेलच्या रोलची आतली पुठ्ठ्याची नळी वापरा, ती त्याहून थोडी मोठी असते, तिच्यातून जी वस्तू जाते ती लहानांना देऊ नका. मोठ्या मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या लहान भावंडांसाठी वेगळी पिशवी करा.

लुकलुकणाऱ्या अंगठ्या, दिव्याचे फुगे, चमकणारे बँड, यात नाण्यासारख्या चपट्या बटन बॅटऱ्या असतात. गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, ही अतिशयोक्ती नाही. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद असेल तरच घ्या, नखाने उघडत असेल तर नको. छोटे ताकदवान चुंबक असलेली खेळणीही नकोत, दोन गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना चिकटतात.

तोंडावर रंग काढायचे असतील तर चेहऱ्यासाठीचेच रंग आणा. स्टेशनरीतल्या रंगांवर नॉन-टॉक्सिक लिहिलेलं असलं तरी ते त्वचेसाठी बनवलेले नसतात, आणि चमकीसुद्धा मेकअपची वेगळी मिळते, क्राफ्टची चमकी डोळ्यात गेली तर बुबुळाला ओरखडा येतो. एक दिवस आधी मनगटाच्या आत थोडा लावून बघा.

आणि स्प्रेच्या डब्यातला खोटा बर्फ किंवा फेस! मुलांना फार आवडतो, पण त्यातला गॅस बऱ्याचदा पेट घेणारा असतो. मेणबत्त्या पेटलेल्या असताना खोलीत नकोच. विझवल्यावर पुन्हा पुन्हा पेटणाऱ्या मेणबत्त्याही मी घेत नाही, विझल्या वाटतात आणि कचऱ्याच्या पिशवीत पुन्हा धुमसतात. कोणी आणल्याच तर पाण्यात बुडवून मगच टाका.

पायरी ६: कधी काय

तीन-चार आठवडे आधी ऑनलाइनचं सगळं आणि भाड्याचं बुकिंग. दोन आठवडे आधी उसनवारीचे फोन, घाऊक बाजार, बॅनर छापायला देणं. एक आठवडा आधी रिटर्न गिफ्ट भरून नावं लावून एका खोक्यात बंद, घरातल्या मुलांना हाती लागणार नाही अशा जागी. दोन दिवस आधी सुपरमार्केट. आदल्या संध्याकाळी हवेचे फुगे आणि पताका, लेटेक्स फुगे हवेने भरलेले असतील तर रात्रभरात काही होत नाही. त्या दिवशी सकाळी फक्त हेलियम आणि केक.

हातात दोनच दिवस असतील तर? मग ऑनलाइन विसरा. स्टेशनरीचं दुकान, सुपरमार्केट आणि एक फुग्यांचं दुकान, एवढ्या तीन ठिकाणी पूर्ण पार्टी होते, दोन रंग ठरवा आणि सगळं त्याच दोन रंगांत घ्या, आपोआप थीम केल्यासारखं दिसतं. मी एकदा निळा आणि पांढरा एवढंच ठरवून एका दुपारी सगळं आणलं होतं आणि त्या वर्षीचे फोटो सगळ्यात छान आले.

एक छोटी पिशवी वेगळी करून ठेवा: कात्री, टेप, दोरा, काडेपेटी, केक कापायची सुरी, मार्कर, जास्तीच्या बॅटऱ्या, स्क्रूड्रायव्हर, बँडेज, कचऱ्याच्या पिशव्या. पार्टी दुसऱ्या ठिकाणी असेल तर ही पिशवी सगळ्यात आधी गाडीत.

पायरी ७: पार्टी झाल्यावर

त्याच रात्री दमून झोपलात तरी चालेल पण दुसऱ्या दिवशी अर्धा तास काढा. फॉइलचे फुगे फोडू नका, तोंडाच्या व्हॉल्व्हमध्ये स्ट्रॉ सरकवा, हवा निघून जाते, घडी करून ठेवा, ४ चा आकडा चौदाव्या वाढदिवसाला किंवा आजोबांच्या चौसष्टीला चालतो. पताका गुंडाळताना पुठ्ठ्यावर गुंडाळा म्हणजे गुंता होत नाही. लायटिंगमधल्या बॅटऱ्या काढून ठेवा, आत राहिल्या तर फुटून डबा खराब करतात. उसनं आणलेलं फोटो बघून परत करा. उरलेलं सगळं एका खोक्यात घाला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा: प्लेट्स १४, निळ्या टोप्या ६, मेणबत्त्या ९, पंप आहे, डबल टेप संपली.